मायची चप्पल आणि माझी शुगर

ऑपरेशन माझ्या पोटाचं झालं आणि त्याचं दुखणं निघालं माझ्या मायच्या पायात. हे सांगितलं की लोक हसतात. हसा बाप्पा. अशी माय तुमच्या घरात असती म्हणजे कळलं असतं.

चिखलीच्या मार्केट यार्डात माझी अडत आहे. सोयाबीन, तूर, हरभरा. सकाळी गादीवर बसायचं, शेतकरी येईल त्याच्यासोबत चहा घ्यायचा, आणि प्रत्येकासोबत घ्यायचाच, कारण अडत्या चहाला नाही म्हणाला की समोरच्याला वाटतं, हा भाव पाडायच्या बेतात आहे. वीस वर्षं असा चहा पिऊन आणि जागचं न हलून मी सव्वाशे किलोचा झालो. शुगर त्याच्या आधीच आली होती. आधी एक गोळी, मग दोन, मग इन्सुलिन, सकाळ-संध्याकाळ. सुई टोचायला पोटावर जागा मुबलक होती, तेवढंच एक सुख. पायातल्या बुटाची नाडी मला दिसत नव्हती, ती बायको बांधायची. आणि पुढे काट्यावरचे आकडे डोळ्यांना धूसर दिसायला लागले तेव्हा मी घाबरलो. अडत्याला काट्यावरचा आकडा दिसेना म्हणजे दुकान बंद.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे ऑपरेशन करा. पोटाची लहानशी थैली करायची आणि आतडं वळवून तिला जोडायचं. अन्नाची वाट बदलली की आतड्यातून काही द्रव्यं सुटतात आणि साखर खाली येते, वजन उतरायच्या आधीच. मला ते पटायला वेळ लागला. मायला मात्र काहीच पटलं नाही. तिचं म्हणणं साधं होतं. "देवानं देल्लं पोट कापून लहान करता का बे? मंग कमीच जेव ना." हे ती मला वाढत वाढत म्हणायची.

माय सत्तरीच्या पुढची, काडीसारखी बारीक. शुगर तिलाही आहे, माझ्याआधीपासून. आमच्या घरात लोक मला बघून म्हणायचे, लठ्ठ आहे म्हणून शुगर झाली, आणि मायला बघून काहीच म्हणायचे नाहीत. ती तिच्या गोळ्या वेळेवर घेते, त्यात खोट नाही. पण पायाला मुंग्या येतात, तळवे बधिर वाटतात, हे तिनं कोणाला सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायची, म्हातारपण आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती मला न सांगता गावी जाऊन आली. गाव धामणगाव बढ्याजवळ, तिथे आमची देवी. तिच्यापुढे माय नवस बोलली. माझ्या लेकराची शुगर जाऊ दे. गेली की त्याच्या वजनाएवढा गूळ तुला वाहीन, आणि तोवर पायात चप्पल घालणार नाही. चपला तिनं तिथेच, देवळाच्या पायरीखाली सोडल्या आणि तशीच एसटीत बसून परत आली.

शुगर जाण्यासाठी गूळ. मी कपाळावर हात मारून घेतला. आणि अनवाणी कोण, तर जिला स्वतःला शुगर आहे ती. शुगरच्या माणसानं घरातसुद्धा चप्पल घालावी, हे चिखलीतल्या प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. मी तिला ते वाचूनही दाखवलं. ती म्हणाली, "ते तुह्यासाठी लिहेल हाय. तू घाल चप्पल."

ऑपरेशन झालं. काय सांगावं, दवाखान्यातून घरी येतानाच इन्सुलिन बंद झालं होतं. वर्षानुवर्षं टोचलेली सुई एका आठवड्यात सुटली. मी बोटाला टोचून मशीनवर आकडा बघायचो आणि मशीन बिघडलं असेल म्हणून पुन्हा टोचायचो. पुढे गोळ्याही सुटल्या. पातळ वरण, पातळ खिचडी, वाटीभर खाल्लं की पोट भरायचं. वजन तर असं उतरलं की हमाल म्हणायचे, शेठ, वाळत्या सोयाबीनसारखे घटलात, तुमच्यात ओलावा किती होता. मी म्हटलं, चला, आता नवस फिटला, मायच्या पायात चप्पल येईल.

कशाची येते. माय म्हणाली, "तू म्हणून काय होते? डॉक्टरनं म्हटलं पाह्यजे."

म्हणून संभाजीनगरला तपासणीला मी तिला सोबत नेलं. डॉक्टर तरुण, पुण्याकडचे, बोलण्यात एकदम मोजूनमापून. रिपोर्ट बघून ते खूश झाले. तीन महिन्यांची साखर औषधाशिवाय नॉर्मल आली होती. मायने पदर सावरून विचारलं, "म्हंजे गेली का?"

"नियंत्रणात आहे, आजी. फार छान."

"गेली का?"

"औषध न घेता नॉर्मल आहे."

"तेच इचारून राह्यली मी. गेली न?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "गेली असं आम्ही म्हणत नाही, आजी. सध्या शांत आहे. काही जणांची काही वर्षांनी परत येते. वजन वाढलं तर नक्कीच डोकं वर काढते. म्हणून तपासत राहायचं."

माय उठली. "चाल बाबू. नाई गेली."

बाहेर मे महिन्याचं ऊन, दवाखान्यापुढचं डांबर वितळायला आलेलं. आणि माझी माय त्यावरून अनवाणी, आरामात, अंगणातून चालावी तशी गाडीपर्यंत गेली. मी मागून बोंबलत होतो. माय, इन्सुलिन सुटलं, गोळ्या सुटल्या, आता डॉक्टरनं काय स्टॅम्पपेपरवर लिहून द्यावं का? ती गाडीत बसून म्हणाली, "एवढा शिकेल माणूस. गेली असती तं गेली म्हणून सांगतलं असतं त्यानं. त्याले काय माह्याशी वैर हाय?"

"चटके तरी बसत नाहीत का तुला?"

"नाई बसत. देवीची कृपा."

मी गाडी सुरू केली आणि घरापर्यंत एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर भांडण झालं असतं. चटके का बसत नाहीत, हा विचार त्या दिवशी माझ्या डोक्यातच आला नाही, रागच एवढा होता.

आता गंमत अशी की डॉक्टर आणि माय सोडले तर बाकी सगळी दुनिया म्हणत होती, शुगर गेली. अडतीवर येणारा प्रत्येक जण म्हणायचा. आणि म्हणून काय करायचा, तर खायला आणायचा. "गेली न शुगर? मंग आता काऊन भेता?" एकाने खव्याचे पेढे आणले, एकाने घरचा उसाचा रस कॅनमध्ये भरून आणला. काहींना वेगळीच चौकशी होती. "अर्धं पोट काढलं म्हणे. ते काढेल पोट काय केलं?" मी सांगायचो, काढलं नाही रे बाबा, बाजूला ठेवलंय आतच. तर म्हणायचे, मग वापरा ना त्याला. अशा माणसांना आतड्याची द्रव्यं काय समजावून सांगणार.

पिंपळगाव राजाला मामेभावाच्या पोरीचं लग्न होतं. पंगतीत वाढप्यांना कोणीतरी सांगून ठेवलं होतं की ह्याची शुगर गेली. जिलेबी आली. मी ताटावर हात आडवा धरला. हात बाजूला करून तिघांनी वाढली. नवरीचा बाप, म्हणजे मामेभाऊ, स्वतः उभा राहिला. "माह्या पोरीच्या लग्नात तोंड गोड नाई करत का?" आता ह्याला काय उत्तर आहे? मी दोन कडी खाल्ली.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, या ऑपरेशननंतर गोड खाल्लं की ते थेट आतड्यात उतरतं आणि माणूस हैराण होतो. तसंच झालं. छाती धडधडायला लागली, घामाने सदरा भिजला, हात थरथरले. आमच्या नात्यात शुगरच्या बाया भरपूर आणि प्रत्येक जणी डॉक्टर. घाम बघितला की त्यांना एकच माहीत. "लो झाली, लो झाली, साखर आना." मी नको नको म्हणत होतो, मला बोलायला दम नव्हता. एकीने डोकं धरलं, दुसरीने साखरेचं पाणी तोंडात ओतलं. ज्या साखरेनं आडवा केला तीच वरून अजून तांब्याभर. मग मी खरोखरच मांडवामागे सतरंजीवर पडलो, डोळे मिटून, आणि मनातल्या मनात सगळ्या गोताचा उद्धार केला.

माय उशाशी बसून पदराने वारा घालत होती. मी डोळे उघडले तर म्हणाली, "पाह्य. म्हने गेली. मंग हे काय हाय?"

मी समजावलं, हे शुगरचं नाही, हे गोडाचं आहे. हे ऐकून ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मलाच कळलं की मी काय बोललो. त्या दिवसापासून चपलेचा विषय घरात बंद झाला. ती भाजीबाजारात अनवाणी, देवळात अनवाणी, पावसाच्या चिखलात अनवाणी. मी बघायचो आणि तोंड फिरवायचो. बायको एकदा म्हणाली, तुम्ही दोघंही एकाच मातीचे. मी तिच्याशीही बोललो नाही दिवसभर.

पोळ्यानंतरची गोष्ट. बायको फरशी पुसत होती. स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत सारख्या अंतरावर तपकिरी डाग. तिला वाटलं कुंकवाचं पाणी सांडलं. पुसून झालं आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच डाग, तेवढ्याच अंतरावर. मग तिने जाऊन मायचा पाय उचलून बघितला आणि मला दुकानात फोन केला. फोनवर ती नीट बोलत नव्हती. मी माप अर्धवट टाकून घरी आलो.

उजव्या तळव्यात, बोटांच्या खाली, बाभळीचा काटा. पूर्ण आत. वरची कातडी काळी पडलेली, करंगळीशेजारचं बोट सुजून निळं. असा काटा माणसाला एक पाऊल टाकू देत नाही. ही किती दिवस त्यावर चालत होती देव जाणे. मी विचारलं, माय, दुखत नाही का? ती माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "मले तं काईच नाई दुखत. तुमीच काऊन असे पाहून राह्यले?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की डांबराचे चटके का बसत नव्हते. देवीची कृपा कशाची, पायातल्या नसा मेल्या होत्या. तिच्याच शुगरने मारल्या होत्या, आम्ही सगळे माझ्या शुगरच्या मागे होतो तेवढ्यात.

बुलढाण्याला दवाखान्यात ते बोट काढावं लागलं. सर्जनने मला बाहेर बोलावून सरळ सांगितलं. आज बोटावर भागलं. पुन्हा अनवाणी चालल्या आणि पुन्हा जखम झाली तर पाऊल जाईल, कदाचित त्याच्याही वर. मी मान हलवली. येताना शुगरवाल्यांसाठी मिळतात त्या मऊ चपला घेतल्या, मागून पट्ट्याच्या. जखम भरत आली आणि मायला चार पावलं चालायची परवानगी मिळाली, तेव्हा त्या चपला मी तिच्यापुढे ठेवल्या. तिने त्या उचलल्या, पदराने पुसल्या आणि कपाटाखाली सरकवल्या. "फिटला की घालीन."

मी ओरडलो. मी इतका ओरडलो की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. एक बोट गेलं माय, पाय जाईल आता. ती शांत. "देवीले बोलेल शब्द हाय. मोडला अन् तुही शुगर पलटली, मंग?" म्हणजे हिला स्वतःचा पाय दिसतच नव्हता. हिचा हिशोब असा की हिने चप्पल घातली की माझं इन्सुलिन परत सुरू. पायाचं ड्रेसिंग बांधलेलं, भिंतीला धरून बाथरूमला जायची, आणि तेही अनवाणी. सांगून, रडून, अबोला धरून सगळं झालं.

मी संभाजीनगरच्या डॉक्टरांना फोन लावला. म्हटलं, साहेब, एकदा फक्त म्हणा, गेली. माझ्या मायच्या पायाचा प्रश्न आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी म्हणेन हो. पण मी गेली म्हटल्यावर त्या तुम्हाला पुन्हा कधी रक्त तपासू देतील? आणि तुम्ही तरी तपासाल?"

मी फोन आपटला. कारण माणूस खरं बोलत होता. नवस फिटल्यावर पुन्हा तपासणं म्हणजे आमच्याकडे देवीवर संशय घेणं. आणि माझं मला माहीत आहे, कोणी गेली म्हटलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी कचोरी खाल्ली असती.

वाट काढली बायकोने. ती मायला म्हणाली, "आत्याबाई, गूळ आधी वाहून टाकू. देवी काय नाही म्हनते का? तिचं तिले भेटलं की शुगर सांभाळनं तिच्याकडं लागलं." मायने बराच विचार केला. डॉक्टरपेक्षा देवीकडे जबाबदारी गेलेली तिला बरी वाटली असावी. कबूल झाली. मी सुटकेचा श्वास सोडतो न सोडतो तोच म्हणाली, "पन वजन तवाचं."

"तवाचं म्हणजे?"

"नवस बोलली तवा तू केवढा होतास? तेवढा गूळ. आता अर्धामुर्धा राह्यला तू. देवीले कमी तोलून देतं का, अडतीवर लोकायले देतं तसं?"

माझ्या वीस वर्षांच्या धंद्याची ही किंमत. मी म्हटलं, गूळ सव्वाशे किलो आणतो, जास्तच आणतो, वाटून टाक. तर तसंही नाही. तुला करायची म्हणजे तुलाच करायची. एका पारड्यात मी, दुसऱ्यात गूळ, आणि काटा मधोमध. नुसता आणून ओतला तर तो नवस नाही, तो किराणा झाला. मी बायकोकडे पाहिलं. ती हसू दाबत होती, आणि मला तिचाही राग आला.

तरी गेलो. बोलेरोत गुळाच्या ढेपा, मागच्या सीटवर माय पाय लांब करून, तिच्या मांडीवर त्या नव्या चपला पिशवीत. देवळापुढच्या लिंबाला गावातला जुना कापूस मोजायचा तराजू टांगला होता, मोठ्या लाकडी पारड्यांचा. चार लोक जमले. मी पारड्यात बसलो. दुसऱ्या पारड्यात ढेपा चढू लागल्या आणि मायला हवा होता तेवढा गूळ चढायच्या कितीतरी आधीच माझं पारडं वर उचललं गेलं. माय हात करून म्हणाली, "नाई झालं."

गुरव म्हणाला, "आजी, झालं की."

"नाई झालं. तवा हा असा उचलला गेला नसता."

उन्हात, लोकांसमोर, पारड्यात मांडी घालून बसलेला मी. तिकडे माझी माय एका पायावर भार देऊन, बँडेजचा पाय धुळीवर टेकवून उभी. तो धुळीतला पाय बघितला आणि माझा तोल सुटला. म्हटलं, "पुरं नाही पडत ना माहं? मग तू ये. तू बस माह्यासंगं. जेवढा मी उतरलो तेवढीच आहेस तू."

मी रागात बोललो होतो. पण गुरवाने मान डोलावली. "चालते. मायलेकराचं एकच वजन." दोघांनी मायला उचललं आणि माझ्यापुढे पारड्यात ठेवलं, पाय बाहेर सोडून. पारडं खाली आलं. ढेपा पुन्हा चढू लागल्या. आणलेल्या जवळजवळ सगळ्या ढेपा गेल्या तेव्हा आम्ही दोघं जमिनीवरून उचललो गेलो आणि तराजू मधोमध थांबला. माय पारड्याची दोरी धरून होती. हळूच म्हणाली, "झालं."

बायकोने पिशवीतल्या चपला माझ्या हातात दिल्या. मी वाकलो. ऑपरेशनआधी मला माझाच बूट दिसत नव्हता, आता मी मायच्या खांद्यावरून वाकून तिच्या पायापर्यंत पोचलो. डाव्या पायात चप्पल घातली. उजव्या पायाची धूळ रुमालाने झटकली, जिथे बोट नव्हतं तिथे बँडेज जपून, चप्पल चढवली, मागचा पट्टा लावला. मग दोन्ही पट्टे ओढून पाहिले, घट्ट आहेत का म्हणून. ती देवीकडे तोंड करून, हात जोडून, डोळे मिटून बसली होती.

थोड्या वेळाने तशीच डोळे मिटून म्हणाली, "घाल ना बाबू चपला आता. कवाचा नुसता वाकून राह्यला."